न उघडणारी फाईल

अहेरीच्या बसस्टँडमागे नाहीद शेखचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नवरा अकरम ट्रकवर असायचा, दुकान तीच सांभाळायची. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तिचं सगळ्यात चालणारं गाड्यांच्या शर्यतीचं मशीन बंद पडलं. आतली हार्डडिस्कच गेली होती. चंद्रपूरच्या ओळखीच्या मेकॅनिकनं तसल्याच डिस्कची हुबेहूब नक्कल, एकच भलीमोठी फाईल, दुसऱ्या हार्डडिस्कवर भरून दिली. साध्या कॉम्प्युटरवर तो खेळ चालवणारा प्रोग्रामही टाकला. नाहीदनं डिस्क टॉवेलात गुंडाळली, सोबतची वायर आत कोंबली आणि एसटी धरली.

आष्टी ओलांडल्यावर जंगलातल्या चौकीपाशी बस थांबवली. सगळ्यांना उतरवून पोलीस सामान तपासू लागले. टॉवेल सुटला तसा जवान मागे सरकला. लोखंडी डबी, तिला वायर. त्या भागात नुकताच नक्षल्यांनी पेरलेला सुरुंग सापडला होता.

"सगळे मांगं व्हा."

नाव विचारलं तेवढं नाहीदनं कसंबसं सांगितलं. कंडक्टर हरिदासभाऊ पुढे झाले. "साहेब, बाई आमच्या गावची हाय. गेमचं दुकान हाय तिचं."

तिला आत नेलं. चौकीवर कॉम्प्युटर पाहणाऱ्या राजदीपनं डिस्क जोडली.

"बाकी सगळं उघडते, हेच काऊन उघडत नाई?"

"एवढी मोठी फाईल. काय लपवलंय यात?" चौकीच्या साहेबांनी विचारलं.

"लपवलं काई नाई साहेब. मशीनची अख्खी डिस्क हाय थे. तशी उघडत नाई, प्रोग्राममधूनच चालते."

"मग चालवून दाखवा."

तिनं चालवलं. फाईल सापडत नाही, असं पडद्यावर आलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली.

राजदीप वाकून पाहत होता. "बाई, फोल्डरचं नाव चुकलं वाटते. एक अक्षर कमी हाय इथी."

त्यानं अक्षर घातलं. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला, आणि मग गाड्या धावू लागल्या. राजदीपनं दोन फेऱ्या मारल्या. साहेब हसले. सुटकेच्या भरात नाहीदही हसली.

बाहेर सागाखाली थांबलेले प्रवासी उघड्या दारातून हे पाहत होते.

परत बसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसलं नाही. पुढच्या बाकावरच्या केसरबाईनं हळूच विचारलं, "ओळखीचे हायेत का वो ते पोलीस?"

पोलिसांचे खबरी म्हणून नाव झालेल्यांचं जंगलात काय होतं, हे अहेरीत कोणाला सांगावं लागत नव्हतं.

स्टँडवर उतरताच तिनं हरिदासभाऊंना गाठलं. "भाऊ, तुमी पाह्यलं ना सगळं. लोकायले सांगाल."

"सांगतो. पण तू बी सांग. चूप राह्यली तर लोकच गोष्ट बनवतीन."

मग ती येईल त्या गिऱ्हाईकाला सगळं सांगू लागली, आपलं हसणंसुद्धा. मशीन छान चालत होतं. जंगलातून धमकीची चिठ्ठी आली नाही, कोणी आलंही नाही. तरी पावसाळाभर ती उजेड असतानाच दुकान बंद करायची. अनोळखी माणूस दारात जरा जास्त रेंगाळला की बोलता बोलता तिचे शब्द हरवायचे.

पुढच्या वर्षी अकरमनं दुकान चंद्रपूरला हलवलं. अहेरी का सोडली म्हणून तिथे कोणी विचारलं, तर ती सांगायची, "लाईन लय जात होती तिथी."