जावयासाठी आणलेले बांगडे

माझं पोट ज्या संशोधनावर चालतं, ते जेवताना सांगण्यासारखं नाही. समुद्रातल्या शिंपल्यांनी आणि मासळीनं माणसाला विषबाधा कशी होते, हे शोधणं माझं काम. ऐकायला भारदस्त, करायला किळसवाणं. शिंपल्याच्या पोटातला हिरवट-काळा लगदा खरवडायचा, मिक्सरमध्ये फिरवायचा, त्याचा अर्क काढून तपासायचा. घरी आलो की बायको दारातच म्हणते, "आधी अंघोळ. बोलायचं ते मग."

सासरवाडी परंड्याची. तिथं मासा म्हणजे धरणातला, बाजारात टोपल्यात फडफडणारा. पण जावई समुद्राच्या मासळीतला शास्त्रज्ञ, तेव्हा त्याला तीच खाऊ घालायची असं मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ठरवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस भर एप्रिलात एसटीनं कुर्डुवाडीला गेला आणि सहा बांगडे प्लास्टिकच्या पिशवीत, मांडीवर घेऊन आला. हे आम्ही पोचायच्या आदल्या दिवशी.

"मग रात्री कुठं ठेवले?" मी मामींना विचारलं.

"न्हाणीत, गारव्याला. हळद-मीठ चोळून, वर वल्लं फडकं टाकून."

"फ्रीज आहे की!"

"अवो जावई, फ्रीजात सोनारीच्या भैरोबाच्या निवेदाचं दही हाय! त्याच्याजवळ हे ठिवू व्हय?"

त्या घरात सामिष स्वयंपाकघरात येत नाही. त्याची चूल परसात, भांडी वेगळी. मटणाला हळद-मीठ लावलं की ते टिकतं, हे मामींना चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. बांगड्याला ते माहीत नव्हतं.

मी फडकं उचललं. बांगडे स्वतःच्याच पिवळ्या पाण्यात पोहत होते. डोळे आत गेलेले, पोटं साफ न केल्यामुळे दोन बांगड्यांची फुटलेली, आणि आतडं हळदीत माखून बाहेर लोंबत होतं. वास असा की माझ्या प्रयोगशाळेतही खिडकी उघडली असती. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. पण परसातल्या बाजेवर मामा शेजाऱ्याला सांगत होते, "अख्खा बाजार धुंडाळला. ताजा माल हाय का, धा येळा इचारलं. जावयाला कळतंय ना त्यातलं."

जावयाला कळत होतं. जावयानं फडकं परत झाकलं.

बांगड्याला वेळेवर बर्फ मिळाला नाही की त्याच्या मांसात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ते तळून जात नाही, उकळून जात नाही. यावर मी भर सभेत, चित्रं दाखवून, भाषण ठोकलेलं आहे. आणि तोच मी पाटावर बसलो. जावयाचं ताट पुढं आलं, बाकी सगळे उभे, कारण जावई जेवल्याशिवाय घरचं कुणी बसत नाही. प्रयोगशाळेत हा मान उंदराचा असतो.

पहिल्या घासालाच जिभेवर मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली. मांस दाताखाली चिकट लागत होतं आणि मसाल्याच्या आडून तो न्हाणीतला वास वर येत होता. मी घास गिळला आणि म्हणालो, "मामी, हात काय आहे तुमचा!"

मग लक्षात आलं, आता हेच सगळे खाणार. तेव्हा मी माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशार युक्ती काढली. "हे सगळे मला ठेवा. उरलेले मी संध्याकाळी खाईन. कुणी हात लावायचा नाही."

मामींनी उरलेल्या रश्शाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. बायको कानाशी येऊन फुसफुसली, "लाज आणली तुम्ही. हावरट!"

दोन बांगडे पोटात गेले. अर्ध्या तासात माझं तोंड टोमॅटोसारखं लाल, कानातून वाफा, छाती धडधडतेय. मग ओकारी. पिवळी, हळदीची, आणि तिला तोच वास. म्हणजे तो वास मला दुसऱ्यांदा भेटला, उलट्या वाटेनं. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि दोन-तीन तासांनी मी माणसात आलो. घरी परतलो तर मामी उंबऱ्यात बसून रडत होत्या.

"माझ्याच हातनं काय तरी पडलं असंल. मसाला जुना व्हता. जावयाला मारलं असतं म्या."

मामा भिंतीकडं तोंड करून उभे. आता गप्प राहणं म्हणजे त्या बाईच्या हातावर त्या पिवळ्या पाण्याचा दोष जन्मभरासाठी टाकणं होतं.

"मामी, मसाला चांगला होता. मासळी सकाळीच खराब होती. मला फडकं उचललं तेव्हाच कळलं होतं."

"कळलं व्हतं?" मामींचं रडू जागच्या जागी थांबलं. "आन् खाल्लात? आन् मला हात चांगला म्हनलात?"

"मामांना वाईट वाटेल म्हणून..."

"इतकं शिकलात, आन् तोंड उघडायचं न्हाय शिकलात व्हय!"

पुढची दहा मिनिटं त्या बोलत होत्या, आणि मला ते रडण्यापेक्षा लई बरं वाटलं. मामा कुदळ घेऊन परसात गेले आणि खड्डा खणायला लागले. मी मागं गेलो. त्यांनी पातेल्याकडं बोट दाखवलं.

मी नाक दाबून ते उचललं. एका हातानं उचललं म्हणून तिरकं झालं आणि गार, बुळबुळीत रस्सा माझ्या पायावर सांडला. मामांनी बघितलं.

"दोनी हातानं धरा," ते म्हणाले. "नाक कशाला दाबता, वास येतोय म्हून तोंडानं सांगा. आता कुनाची भीड हाय?"