पिंपळाला पाजलेलं तेल

उल्हासनगरात कॅम्प एकला माझी स्कूटर ज्याच्याकडे दुरुस्तीला जाते, त्याचं नाव मी दहा वर्षांत विचारलेलं नाही. तो मला ‘काका’ म्हणतो, मी त्याला ‘मिस्त्री’. तोंडात कायम गुटखा, त्यामुळे मान वर करूनच बोलायचा. मी टोकलं की ठरलेलं उत्तर, “काका, तोंड माझं, मर्जी माझी.”

गॅरेजच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. पिंपळाला कोयता लावणं पाप, म्हणून हा त्याच्या मुळाशी इंजिनचं जळकं तेल ओतायचा. पानं गळून जायची आणि महिन्याभरात तांबूस पालवी परत हजर!

गेल्या वर्षी मिस्त्रीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, गुटखा सोडा, तरच काही करता येईल. त्या दिवशी मी गेलो तर हा तेलाचा डबा धरून भिंतीपुढे नुसता उभा.

“मी याला मारायला बघतो, तरी हा जगतो,” तो म्हणाला. “आणि मला तर माझ्याशिवाय कोणी मारत पण नाहीये, काका.”

खिशातल्या सगळ्या पुड्या त्याने त्या तेलात बुडवल्या. माझा काडीचा विश्वास बसला नाही.

काल गेलो, तर मिस्त्री चक्क वडापाव चावून खात होता. मला बघून त्याने आ केला आणि तीन बोटं आत घालून दाखवली. मला हायसं वाटलं. पिंपळाने भिंतीची एक वीट बाहेर ढकलली होती, ती दाखवून म्हटलं, “भिंत पाडेल हा.”

“पाडू द्या,” घास गिळून तो म्हणाला. “भिंत माझी, मर्जी माझी.”