अक्षयाने हट्टाने घेतलेली खोली

नाचणे गावातल्या घरामागे सासऱ्यांनी स्लॅबची खोली बांधली, ती थोरल्या दर्शनला जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. धाकटी सून अक्षया तेव्हापासूनच धुसफुसत होती. थोरली जाऊ मृणालीवैनी बी.एड. झालेली, घरी शिकवण्या घेणारी. सासूबाईंच्या तोंडी सदा तिचंच नाव. अक्षया ब्लाऊज शिवायची, ते कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. आठवडाभर अबोला धरून, नवऱ्याला, नितेशला पुढे करून तिने ती खोली पदरात पाडून घेतली.

वैनी एवढंच म्हणाली, "घे गो. आम्हाला पुढची कौलारूच बरी."

ते अक्षयाला झोंबलं. वैनी भांडली असती, तर जिंकल्यासारखं तरी वाटलं असतं.

खोलीच्या पाठीमागे लागूनच डोंगराची कापलेली दरड. खिडकी एकच, तीही कपाटाने अर्धी झाकलेली. पावसाळ्यात ओले कपडे आतच दोरीवर. जुलैत अक्षयाची तीन वर्षांची लेक सानवी खोकायला लागली. मग छातीत घरघर, मग दवाखान्यात वाफ. वैनीची दोन्ही पोरं मात्र भिजून यायची आणि साधी शिंकतही नव्हती. काय खायला घालते ही पोरांना? एकदा घरात कोणी नसताना अक्षयाने वैनीच्या फळीवरचे डबे उघडून पाहिले. नाचणीचं पीठ, गूळ, पोहे. तिच्याकडे होतं तेच.

गणपतीआधी शिवणाची झुंबड उडाली, म्हणून सानवी आठ दिवस वैनीकडे झोपली. तिसऱ्या दिवशी खोकला थांबला. आठव्या दिवशी सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "मृणालीच्या हाताला गुण आहे हो." अक्षयाने हातातलं शिवण टाकलं आणि पोरीला दंडाला धरून मागे आणलं.

"मला काकीकडे झोपायचंय," सानवी रडत राहिली.

दोन दिवसांत पुन्हा धाप लागली.

"माझ्याकडेच आजारी पडते," अक्षया डॉक्टरीणबाईंना फणकाऱ्याने म्हणाली. "जावेकडे ठणठणीत असते."

बाईंनी मान वर केली. "झोपते ती भिंत कोरडी आहे? कपाट हलवून बघा."

घरी येऊन नितेशने कपाट ओढलं. भिंत कमरेच्या उंचीपर्यंत काळी, मखमलीसारखी. गादीची खालची बाजूही तशीच. बुरशी. बाईंनी फोनवर सांगितलं, की नुसता रंग देऊन भागणार नाही. आधी पाणी अडवा, आणि भिंत वाळेपर्यंत पोरीला तिथे झोपवू नका.

म्हणजे वैनीच्या दारात जाणं आलं. अक्षया उंबऱ्यापाशी घुटमळली. वैनीने काही न विचारता पोरांच्या गाद्या सरकवल्या, मग हळूच म्हणाली, "दरडीचं पाणी मुरतं तिथे. मला ठाऊक होतं. पण तेव्हा सांगितलं असतं, तर ऐकलं असतंस?"

अक्षयाला राग आला, आणि तो नेमका कोणावर, हेही कळेना.

दिवाळीनंतर मागे गटार खणलं, गिलावा खरवडून नवा केला, खिडकी मोकळी झाली. सानवी परत आली. आता क्वचित खोकते. संध्याकाळ झाली की मात्र वही घेऊन पुढे पळते; तिला गोष्ट काकीकडूनच ऐकायची असते. अक्षया मशीनवर बसून पुढच्या खोलीतलं हसू ऐकते, आणि तिची टीप वाकडी जाते.