कुमारीची सोनोग्राफी

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या वर्षी, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, म्हसवडमधल्या एका दवाखान्याच्या पायरीवर. अन्याय करणारे कुणी गुंड नव्हते. आमचेच काका होते आणि आमचीच आई.

आदल्या संध्याकाळपासून बहिणीच्या बेंबीभोवती दुखत होतं. सकाळी उलट्या झाल्या, अंग तापलं आणि दुखणं उजवीकडे खाली सरकलं. डॉक्टरांनी तिथं बोटं दाबून सोडली, तशी ती किंचाळली. "अपेंडिक्स वाटतंय. समोरच सोनोग्राफी आहे, लगेच करून आणा," म्हणाले आणि चिठ्ठी दिली. समोर म्हणजे अक्षरशः समोर. मधे फक्त रस्ता.

तो रस्ता ओलांडायला आम्हाला सांगली गाठावी लागली.

सोनोग्राफी फक्त पोटुशी बाईच करते, अशी आमच्या भागात पक्की समजूत आहे. केंद्राच्या दारावर बाळाचं चित्र, आत बाकावर गरोदर बायका. त्या दारात लग्नाची पोरगी दिसली, की पुढची गोष्ट गाव स्वतः रचतं. त्यात रविवारी बहिणीला बघायला येणार होते. मुलगा मिलिटरीतला, रजेवर आलेला.

वडीलही मिलिटरीतच, लांब पोस्टिंगवर, त्यामुळे घरात शब्द काकांचा.

"समोर सगळा बाजार बसलाय," काका म्हणाले. "कुणी बघितलं तर काय सांगायचं?"

"अपेंडिक्स सांगायचं," मी म्हणाले.

"लोकांस्नी अपेंडिक्स दिसतंय व्हय? लोकांस्नी दार दिसतंय. तुझं एक जमंना, आता हिचंबी मोडतीस? जा, पत्रकं वाट तिकडं!"

मी पत्रकं वाटते हे खरं आहे. पाण्यासाठी, एसटीच्या फेऱ्यांसाठी. तालुक्यात चार माणसं माझं ऐकून घेतात. ती चारही आमच्या घराबाहेरची.

आईनं काकांच्या बोलण्याला मान डोलावली, काकांनी सांगलीच्या आत्याला फोन लावला आणि जीप निघाली. प्रत्येक खड्ड्याला बहीण माझा हात आवळत होती. विट्याच्या पुढं तिची पकड अचानक सैल झाली. "कमी वाटतंय गं," ती म्हणाली. काका खुलले. "बघा, ग्यास हुता! फिरवू का गाडी?"

"नगं भावजी," आई म्हणाली. "वन्संनी सैपाक केला आसंल."

बहिणीचा जीव वाचवण्यात आत्याच्या स्वयंपाकाचा वाटा असा मोठा आहे.

आत्या सांगलीत विश्रामबागेत राहते. तिथल्या सोनोग्राफी केंद्राच्या दारातच ती उभी होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, स्वतःचं मंगळसूत्र काढलं आणि बहिणीच्या गळ्यात घातलं. "ऱ्हाऊ दे. हितंबी वळकीची माणसं येत्यात." चिठ्ठीवर नावाआधी 'कुमारी' लिहिलेलं, म्हणून काकांनी ती खिशात कोंबली. अब्रूचा बंदोबस्त झाला.

काउंटरवरच्या बाईंनी मंगळसूत्र बघितलं, पोटावर दाबलेला हात बघितला आणि विचारलं, "कितवा महिना?"

काका छताचा पंखा बघू लागले. आत्या गडबडली. "दुसरा... दुसराच आसंल."

पोरगी पोटुशी आहे असं कुणाला वाटू नये म्हणून तालुके ओलांडून पळालेल्या माणसांनी ती पोटुशी आहे हे स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं. "पाणी प्या भरपूर आणि बसा," बाई म्हणाल्या. पुढं सात-आठ जणी होत्या.

मी उठणार, तेवढ्यात बहीणच उठली. वाकलेली, भिंत धरून. तिनं मंगळसूत्र काढून काउंटरवर ठेवलं.

"माझं लग्न झालेलं नाही. हे आत्याचं आहे. मला अपेंडिक्स आहे आणि चिठ्ठी काकांच्या खिशात आहे."

सगळं बाकडं आमच्याकडे वळलं. एक आठव्या महिन्यातली बाई नंबर सोडून म्हणाली, "आवं, आदी तिला घ्या की!" म्हसवडचा बाजार जे बोलेल म्हणून आम्ही घाबरलो होतो, ते तिथं कुणीच बोललं नाही.

आत मला सोबत घेतलं. डॉक्टरांनी पोटावर जेल लावलं आणि दुखत होतं तिथंच यंत्र हळूहळू दाबत नेलं. पडद्यावर सुजलेल्या बोटासारखं काहीतरी होतं. "चांगलं अपेंडिक्स दाबलं की चपटं होतं," ते म्हणाले. "हे होत नाहीये. आणि बाजूला हा काळा भाग, तो पू आहे. मधे दुखायचं एकदम कमी आलं होतं का?"

"हो. विट्याच्या पुढं."

"तेव्हा फुटलं असणार."

एवढं कळायला यंत्राला दहा मिनिटंही लागली नाहीत.

ऑपरेशन लगेच झालं. पोट धुवावं लागलं, कुशीत नळी राहिली, ताप कितीतरी दिवस हटेना. ती वाचली. रविवारच्या पाहुण्यांना काकांनी कळवलं, पोरीला टायफॉईड झालाय. टायफॉईडला अब्रू असते.

आता तुम्ही. काकांना हसून पान उलटू नका, ते तुमच्याही घरात आहेत. आज जेवायला बसाल तेव्हा घरातल्या मुलींच्या देखत मोठ्यानं सांगा: तुझ्या पोटात दुखलं आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहिली, तर सगळ्यात जवळच्या केंद्रात नेईन, भर दिवसा, तुझ्याच नावानं. मनात म्हणू नका. तिला ऐकू गेलं पाहिजे.