साताऱ्याच्या कडेकडेनं

साताऱ्याला नात्यातल्या लग्नासाठी आलो होतो. लग्न, जेवणं, आहेर सगळं उरकलं आणि शेवटचा दिवस मी आईसाठी राखून ठेवला. तिच्या डोळ्यांचं दुखणं असं, की गेलेली नजर परत येत नाही. उरलेली किती दिवस टिकेल, हे सांगलीच्या डॉक्टरांनाही सांगता येईना. अंधारात तर तिला काहीच दिसत नाही. तेव्हा जे काय दाखवायचं, ते उजेड असेतोवर.

आई आणि माझे वडील, म्हणजे दादा, दोघंही म्हसवडकडचे. तरुणपणी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन साताऱ्याकडे यायची. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, बदल्यात ह्यांना धान्य. असे कितीतरी हिवाळे आईनं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी काढले, पण सातारा शहर काही पाहिलं नाही. "फुडल्या साली न्हेतो," असं दादा दर वर्षी म्हणायचे.

"सातारा मला पाठ हाय. तू निस्ती गाडी चालव," म्हणत दादा माझ्या शेजारी बसले. मीही भाबडी, ऐकलं. आधी राजवाडा दाखवायचं ठरलं होतं, पण दोन तास झाले तरी तो येईना. नदी आली, ओढा आला, डोंगराकडेची रानं आली, त्या रानांत पडलेले प्लॉट आले. ऊन उतरत चाललं तसा माझा पारा चढला. शाळेत पोरांवर ओरडते तशी मी ओरडले, "दादा, रस्ता माहीत नाही हे एकदाचं कबूल करा!"

मागच्या सीटवर आई हसायला लागली. "आवं, तुमी मेंढरांच्या वाटंनं निघालाय. मेंढरं कवा शहरात न्हेली व्हती का आपण?"

खरंच की. एवढी मेंढरं घेऊन बाजारपेठेतून कोण जाईल? शहर टाळून कडेकडेनं जायची वाट तेवढी दादांना पाठ होती. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

आता फार तर तासाभराचा उजेड उरला होता. "किल्ल्यावरच चला," आई म्हणाली. गाडी वरपर्यंत जाते, हे आमचं नशीब.

तटाशी उभं राहिलो. खाली अख्खं शहर होतं, पण आईला सगळं धुरकट. चारचौघांत कधी तिच्या शेजारी न बसलेले दादा तिचे खांदे धरून तिला वळवू लागले. "ह्या अंगाला नदी. त्यो वडा. तितं आपला मुक्काम असायचा."

"एवढ्या जवळ हुतो व्हय आपण!"

"चुकलं माझं," दादा म्हणाले. "तवाच आणाय पायजे हुतं."

शहराकडे तोंड करून आईनं विचारलं, "आन् ह्यातला राजवाडा कंचा?"

"मला काय ठावं? मी बी आत कवा गेलो न्हाई."

"म्हंजे तुमी बी आजच बघताय!" आई लय खूश झाली. "मग सांगा की काय दिसतंय ते."

दादा सांगत गेले. गच्चीवरची टाकी, वाळत घातलेलं लुगडं, देवळाचा कळस. राजवाडा कुठे ते मी एव्हाना फोनवर शोधलं होतं, पण तोंड उघडलं नाही. ही दोघं एकमेकांना धरून इथवर आली, त्याबद्दल कुणाचे आभार मानावेत तेच मला कळेना. डोळे मात्र भरून आले.

सूर्य बुडाला. दादा बोलायचे थांबले आणि तिला गाडीकडे न्यायला वळले.

आई हलली नाही. "मला दिसायचं थांबलं," ती म्हणाली. "तुमास्नी दिसतंय न्हवं? मग सांगा की फुडं."