ड्रायरमधली पाल

उंद्रीचा गोकुळ म्हणजे तोंडाचा फटकळ आणि नाकाचा तिखट. त्याची निम्मी हयात विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात गेली. आता जवळच्या चिखलीत जो तो नवनवी यंत्रं आणतो, आणि बिघडली की यालाच फोन लावतो. मशीन उघडलं की गोकुळ आधी वाकून हुंगतो, आणि बहुतेक वेळा त्याला शिसारीच येते. माणसं मशीन घेतात की उकिरडा, हा त्याचा कायमचा सवाल.

शंकररावांच्या लॉन्ड्रीतला कपडे वाळवायचा ड्रायर बंद पडला होता. दहाचं नाणं टाकलं की दिवा लागायचा, पण आतला ड्रम ढिम्म. शंकररावांनी निकाल आधीच देऊन टाकला होता: कामाला असलेल्या अंबूबाईनं न पिळलेल्या चादरी कोंबल्या आणि मोटार जाळली. मोटार जळालेली निघाली की तिला घरी बसवतो, असं ते गिऱ्हाइकांसमोर बजावून मोकळे झाले होते. बिचारी अंबूबाई कोपऱ्यात उभी राहून गोकुळच्या हातांकडं बघत होती.

गोकुळनं मीटर लावलं. लाइन बरोबर, दाराचा खटका बरोबर. मोटारीला त्यानं सरळ वीज दिली, तशी ती गरकन फिरली. अंबूबाईचा जीव भांड्यात पडला. म्हणजे घोळ मधेच होता, मोटारीकडं वीज सोडणाऱ्या कॉन्टॅक्टरमध्ये. मेन बंद करून त्यानं वरचं झाकण काढलं आणि असा भपकारा आला की तो दोन पावलं मागं सरला. नाण्याच्या खाचेतून खाली उतरलेला चिकट ओघळ, त्यात हळदीकुंकवाचा लगदा, लगद्यावर मुंग्यांचा थर, आणि त्या मुंग्या खायला शिरलेली पाल कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांत भाजून चिकटलेली. पट्ट्या एकमेकींना टेकणार कशा आणि वीज पुढं जाणार कशी? छी! गोकुळ बाहेर जाऊन थुंकून आला.

"याच्यावर नारय कोनं फोडला?" त्यानं विचारलं.

दसऱ्याला मशीनची पूजा करून नारळ शंकररावांनीच फोडला होता. देवाच्या पाण्यानं कुठं मशीन बिघडतं का, असं ते म्हणाले.

"मशीनले काय मालूम, देवाचं पानी हाय म्हनून?"

शंकरराव जवळ सरकले आणि हळूच म्हणाले की लोकांना चादरींचंच सांग, उगाच शोभा होते. आता मात्र गोकुळला त्या माणसाचीच किळस आली. मोटार धडधाकट आहे, असं त्यानं साऱ्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

शंकररावांचं तोंड एवढंसं झालं. मग मोठ्या मनाचा आव आणून ते अंबूबाईला म्हणाले, "बरं, राहा तू कामावर. आता ते पाल काढ वं, अन् जागा पुसून घे."

अंबूबाई पदर खोचून मशीनपाशी आली. आता उचलते, असंच गोकुळला वाटलं.

"भाऊ," ती शंकररावांना म्हणाली, "मोटार जयाली असती तं मी घरी गेली असती. जयाली नाई. आता तुमी उचला."

शंकररावांनी गोकुळकडं पाहिलं. गोकुळनं पेचकस खिशात घातला आणि पाल निघाल्याशिवाय आपण मशीनला हात लावणार नाही, असं सांगून टाकलं. शेवटी शंकररावांनी नाकाला रुमाल लावला आणि गिऱ्हाइकांच्या देखत हात आत घातला.