उंबऱ्याची स्टेज

टायपिंग आक्कांना घाई करताना मी कधी पाहिलं नाही, आणि त्यांच्याइतकं वेगानं काही करतानाही कुणाला पाहिलं नाही. निपाणीत त्यांची टायपिंगची शाळा होती. इंग्रजीची मशिनं एका भिंतीला, कन्नडची दुसऱ्या. घरात मराठी बोलणाऱ्या आम्ही पोरी नोकरीसाठी कन्नड टायपिंग शिकायला जायचो. आक्का पहिल्याच दिवशी आमच्या हातांवर पंचा टाकायच्या आणि म्हणायच्या, "बोटाकडं बघितलंस की बोट लाजतंय." कन्नडच्या आधी आठवडाभर आम्ही इंग्रजी मशिनावर, पंच्याखाली, डाव्या हाताची चार अक्षरं, नुसतं ए-एस-डी-एफ बडवायचो.

पुढं कॉम्प्युटर आले आणि मशिनांवर कापडं पडली. मला बेळगावात नोकरी लागली म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर आक्का पदर खोचून टीव्हीसमोर बसलेल्या, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट. त्यांचा भाचा पुण्याला गेला तेव्हा तो गेम इथंच टाकून गेला होता. पडद्यावर एक तलवारवाला माणूस कड्याकड्यांवरून उड्या मारत होता. पन्नाशीच्या बाईंना असं बघून मला हसू फुटलं. "हसू नको. बस," आक्का म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकूनही त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

त्या गेमच्या शेवटाला, मोठ्या राक्षसाच्या अगदी अलीकडं, एक इवलीशी स्टेज होती. चार अरुंद फळ्या, खाली दरी आणि समोरून येणारे पक्षी. नीट गेलं तर पेढा खाऊन होईपर्यंत संपणारी. भाचा आणि त्याचे मित्र वर्षभर तिथंच मरत होते, कारण तिथं मेलं की गेम तीन स्टेज मागं फेकायचा. आक्कांनी तिचं नाव ठेवलं होतं उंबरा. "घर दिसाय लागलं की माणूस पळतंय, आणि उंबऱ्याला ठेचकाळतंय," हे त्यांचं निदान.

त्या दिवशी त्यांनी मला तो उंबरा ओलांडून दाखवला. खरं सांगते, माझा पेढा हातातच राहिला. तो तलवारवाला पळत नव्हता, चालतही नव्हता. फळ्याच त्याच्या पायाखाली येत होत्या असं वाटलं. पक्षी यायच्या आधीच तलवार तिथं असायची. मी विचारलं, "आक्का, तुमाला कसं कळतंय तो कधी येणार?" तर म्हणाल्या, "तो आपल्यामुळं येतोय गं. आपण ठरलेल्या जागी पाय टाकला की तो निघतोय. भिऊन मागं सरलीस, की पुन्ना नवा येतोय. म्हणून मागं सरायचं न्हाय." त्यांनी पक्ष्यांची वेळ ए-एस-डी-एफवर बसवली होती. चार अक्षरं मनात म्हणायची, की वार.

दुसरा नियम वस्तूंचा. वाटेत चकाकणारी हत्यारं टांगलेली असत, पण नवं उचललं की हातातलं जायचं. आक्का गोल फिरणारी तलवार तीन स्टेज आधीपासून जपून आणायच्या आणि बाकी सगळ्यांच्या बाजूनं निघून जायच्या. "दिसतंय म्हणून उचलायचं न्हाय," असं त्या म्हणायच्या. माझ्या लग्नाच्या वेळी फॉरेनचं एक स्थळ आलं, तेव्हाही त्यांनी मला हेच ऐकवलं. मी ते स्थळ सोडलं, नोकरी ठेवली. नवरा नंतर बेळगावातच मिळाला, आणि त्याला ही गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

गेल्या वर्षी आक्कांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, डावी बाजू वाचली, उजवा हात गेला. मी भेटायला गेले तर टीव्हीवरही कापड होतं. "संपलं बघ माझं," म्हणाल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा उंबरा वलांडाय पायजे होता." या बाईंनी माझ्याकडं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी कापड काढलं.

रिमोटच्या डाव्या बाजूला चालवायची बटणं, उजव्या बाजूला उडी आणि वार. आम्ही एकच रिमोट दोघींच्या मध्ये धरला. "डाव्या हाताचं माझं, उजव्या हाताचं तुझं," आक्का म्हणाल्या. पहिल्याच फळीवर मेलो. त्या "मार" म्हणायच्या आणि तो शब्द माझ्या कानात पोचेपर्यंत पक्षी ढकलून गेलेला असायचा. मग तीन स्टेज मागं. मी त्यांच्या तोंडाकडं बघायला लागले, तर त्या रागावल्या: "माझं तोंड म्हंजे काय कीबोर्ड हाय व्हय? समोर बघ."

दर रविवारी मी बेळगावहून बस धरायची. घरचे म्हणाले, हिला काय झालंय. रविवारमागून रविवार आम्ही त्या दरीत पडत होतो. मग आक्कांनी "मार" म्हणणंच बंद केलं. नुसती खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि मी मनात ए-एस-डी-एफ म्हणायची. त्यांचा श्वास कुठं अडतो, ते मला खांद्यातून कळायला लागलं.

एका रविवारी दुपारी चहा निवत असताना आम्ही उंबरा ओलांडला. पहिली फळी, दुसरी, तिसरी, चौथी. एकही पाय मागं नाही, एकही घाव नाही. दार उघडलं, राक्षस आला, आणि आक्कांनी डावा हात रिमोटवरून काढून मांडीवर ठेवला. त्या राक्षसात त्यांना कधीच रस नव्हता. त्यानं आमच्या माणसाला खुशाल मारलं. आक्का माझ्या उजव्या हाताकडं बघत होत्या. बोटांकडं बघितलेलं त्यांना चालत नसे, तरी बघत होत्या. "तू कवा दाबलंस, मला कळलंच न्हाय गं," म्हणाल्या. "मला वाटलं मीच दाबलं."

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. भाच्यानं तो गेम मला देऊन टाकला. महिनाभर मी त्याला हात लावला नाही. मग एका सुटीच्या सकाळी रिमोट हातात घेऊन एकटीच बसले, आणि बाकी सगळ्या स्टेज पार करत उंबऱ्यापर्यंत आले. पहिल्या फळीवर पाय टाकला, पक्षी निघाला, आणि माझा उजवा हात बरोबर वेळेला चालला. तलवार फिरली, पक्षी पडला. पण आमचा माणूस तिथून पुढं हलला नाही. माझा डावा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता, वाट बघत. मग माझ्या लक्षात आलं, ही स्टेज मला अर्धीच येते.